ठाण्याच्या बाकावरचे दोन दिवस

ती घटना आठवली की आजही मला आधी ठाण्यातला लाकडी बाक दिसतो. तेव्हा मी डिचोलीला निरीक्षक होतो. काजूचा हंगाम तोंडावर आला होता. सकाळीच ठाणे अंमलदाराने फोन घेतला: मये गावात पाच वर्षांच्या मुलीला सावत्र आईने विष पाजले आहे, मुलगी मोठ्या इस्पितळात आहे. फोन करणारा शेजारी होता. स्वतःचे नाव सांगून बोलला, म्हणून मी त्याचे खरे मानले.

'सावत्र' हा शब्द ऐकला आणि माझा तपास तिथेच संपला म्हणा. बाईला चौकशीसाठी ठाण्यात आणू नये, जबाब तिच्या घरी घ्यावा, हा नियम मला तोंडपाठ होता. तरी मी तिला आणवले. दोन दिवस, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, ती त्या बाकावर होती; रात्री घरी सोडायचो, पण इस्पितळात जायची तिला मनाई होती. मी तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होतो. रडत नाही म्हणजे निगरगट्ट आहे, असे मी ठरवून टाकले होते.

"सायबानू, माका एकदा चेडवाक बघूक सोडा. ता माका सोदीत आसतला. मागीर काय ता विचारा."

"पोर तुला शोधते आहे, तर आधी खरे बोल," मी म्हणायचो.

मुलीलाच विचारावे, हे मला सुचले नाही. पाच वर्षांचे पोर काय सांगणार? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमची महिला हवालदार इस्पितळात गेली आणि खाटेशी बसून तिने सहज विचारले. मुलगी शुद्धीवर होती. म्हणाली, "आबान हाडलेलो कोला पियालंय. कडू आसलो."

आबा म्हणजे तिचे आजोबा; त्यांनी आणलेले ती कोला समजून प्यायली होती. काजूच्या झाडांखालचे रान मारायला तणनाशक लागते. त्याचा कॅन चार घरे मिळून आणत आणि हाताला लागेल त्या रिकाम्या बाटलीत वाटून नेत. आबांनी आपली कोलाची बाटली स्वयंपाकघराच्या जनेलावर, म्हणजे खिडकीत, पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवली होती. वाटणी झाली होती ती फोन करणाऱ्या शेजाऱ्याच्याच अंगणात. मी त्याच्याकडे गेलो, तर तशीच बाटली त्याच्याही जनेलावर, नातवंडांच्या हाताला येईल अशी.

"दर वर्सा आमी अशेच वाटतांव, सायबा," एवढेच तो बोलला. दोन दिवस मी साप साप म्हणून भुई धोपटत होतो.

बाईला लगेच सोडले. त्या विषात माणूस पहिले एक-दोन दिवस चांगला बोलतो, मग श्वास जातो. आई पोचली तेव्हा मुलीच्या तोंडात नळी होती. मुलगी वाचली नाही.

आता निवृत्तीनंतर काजूचे दिवस आले की मी गावोगाव सांगत फिरतो: औषध आले त्याच कॅनमध्ये ठेवा, घराबाहेर, कुलपात. पिण्याच्या बाटलीत थेंबभरही नको. लोक मान डोलावतात, काही जण माझ्यासमोर जनेल रिकामे करतात. पोलीस म्हणून मी शिकलो ते वेगळे. संशय घ्यायला नोकरी शिकवते, पण घाईने घेतलेला संशय परत करता येत नाही.

बाराव्यानंतर मी माफी मागायला तिच्या घरी गेलो. माझे बोलणे तिने ऐकून घेतले. मग विचारले, "त्या दोन दिसांत तेणा माका हाक मारल्यान?"

हवालदाराने मला सगळे सांगितले होते, मुलीच्या हाकाही.

"नाही," मी म्हणालो. "झोपूनच होती ती."

ती म्हणाली, "सायबानू, तुमी तरी खरा बोला."