दोन गॅलऱ्यांमधली भिंत

लातूर जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते. कचेऱ्या वाढल्या, बाहेरगावचे लोक राहायला आले आणि गावात सहा मजली इमारतीची बोलणी सुरू झाली. मी एका इंजिनिअरांकडे नकाशे काढायला होते. आमचे हे हिमायतनगरला शिक्षक. शनिवारी यायचे, सोमवारी पहिल्या एसटीनं परत जायचे.

इमारत दोघा आडत व्यापारी भावांची होती. एका घरात राहूनही त्यांचं बोलणं बंद झालं होतं. दुकानाची वाटणी झाली, पण घराची जागा दोघांच्या नावावर होती. म्हणून जुनं घर पाडून तिथं इमारत बांधायची, चौथ्या मजल्यावरचे शेजारशेजारचे दोन फ्लॅट आपल्याला ठेवायचे आणि बाकीचे विकायचे, असं ठरलं.

बाहेरच्या भिंतींचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं. थोरल्या मालकांना मुंबईसारखा गुळगुळीत गिलावा आणि त्यावर फिकट रंग हवा होता. पण त्या साली पाऊसच झाला नव्हता. प्यायचं पाणी टँकरनं यायचं, तिथं गिलाव्यावर मारायला पाणी कुठून आणणार? विटा उघड्याच ठेवू, नुसते सांधे भरू आणि उन्हासाठी खिडक्यांवर रुंद छज्जे काढू, असं मी सुचवलं. मालकांना ते अर्धवट सोडलेल्या घरासारखं वाटलं, पण दुसरा इलाज नव्हता. एका गोष्टीवर मात्र ते अडून बसले. दोन्ही फ्लॅटच्या गॅलऱ्या रस्त्याच्या बाजूला एकमेकींना लागून होत्या. त्यांच्यामध्ये छतापर्यंत भिंत पाहिजे. दुसऱ्या दिवशी धाकटे मालकही येऊन तेच सांगून गेले.

मग एका दुपारी थोरल्या मालकीणबाई ऑफिसात आल्या. माहेर उदगीरकडचं. धाकटी जाऊ त्यांना अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. त्यांनी गॅलरी कुठं आहे ते विचारलं, मी नकाशावर बोट ठेवलं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा अगदी पोरसवदा होती, तिची बाळंतपणं आपणच केली, असं सांगत होत्या. भावांचं बिनसल्यापासून घरात बोलायची सोय उरली नव्हती. दोघी वर माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, वाळवण घालायला जायच्या आणि तिथं बोलून घ्यायच्या. आता जुन्या घराबरोबर माळवदही जाणार होतं.

“भिंत घाला ताई, मी न्हाई म्हणत न्हाई,” त्या म्हणाल्या. “पण आवाज तरी जाऊ द्या.”

सोमवारची एसटी निघून गेल्यावरचं माझं घर मला माहीत होतं. त्यांना जास्त काही सांगावं लागलं नाही.

मी त्या भिंतीत विटांची जाळी काढली, कमरेपासून छतापर्यंत. विटा तिरप्या बसवायच्या, म्हणजे पलीकडचं दिसणार नाही. दर्शनी भाग सारखा वाटावा म्हणून सगळ्याच मजल्यांवर तशीच जाळी घेतली. हवा खेळेल, विटाही कमी लागतील, असं साहेबांनी दोघा भावांना समजावलं. पलीकडचं माणूस दिसणार नाही ना, एवढंच थोरल्यांनी विचारलं.

लोक राहायला आल्यावर मी कधीमधी दुपारी अक्कांकडे जायचे. त्या जाळीला टेकून तांदूळ निवडत असायच्या आणि पलीकडून धाकटीचा आवाज यायचा. पाणी आलं का, लेकीला बघायला कोण आलं होतं, आज भाजी काय केली. मी आल्याचं कळलं की धाकटी तिकडून माझीही चौकशी करायची.

पुढं धाकटे मालक आपला फ्लॅट विकून नांदेडला गेले. त्या जागी आलेल्यांनी धूळ येते म्हणून जाळीला आतून पुठ्ठे लावले. दरम्यान आमच्या ह्यांची बदली झाली आणि आम्हीही नांदेडला आलो. एकदा बाजारात अर्धापूरची केळी घेताना धाकटी भेटली. पहिलं विचारलं ते, अक्का कशा हायत.

लातूरला गेले तेव्हा मी ते अक्कांना सांगितलं.

“वाळली का ती?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थोडी.

दुसऱ्या दिवशी मी परतीच्या एसटीत बसले होते, तर अक्का पिशवी घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. मालकांना सांगितलंत का, मी विचारलं. “सांगितलं, अन् निघाले.” नांदेडला उतरून मी त्यांना धाकटीच्या दारी नेलं. धाकटीनं दार उघडलं, अक्कांना पाहिलं आणि त्यांच्या हातातली पिशवी घेतली. मी उंबऱ्यावरूनच परत फिरले.

अक्का लातूरला परत निघाल्या तेव्हा त्यांना बसवून द्यायला मी स्टँडवर गेले. मनासारखं बोलणं झालं का, असं विचारलं. गाडी सुरू झाली होती. त्यांनी खिडकीतून माझा हात धरला.

“कुठं झालं,” म्हणाल्या, “लई राहिलंय.”