पंचमीची शिष्यवृत्ती

शशिकला खेडकरांचा चंदीगडमधल्या मराठी माणसांवर एकच राग होता: ती टिकत नाहीत. आज आली, तीन वर्षांनी बदलीची ऑर्डर निघाली की सामान ट्रकमध्ये. तिथल्या मराठी मंडळाचा सचिव तर कपडे बदलावेत तसा बदलायचा. एकाला सगळं समजावून सांगावं तोवर तो जबलपूरला, आणि नवा येऊन विचारतो, काकू, फाइल कुठे असते? बाई स्वतःही नवऱ्याच्या बदलीबरोबरच वर्ध्याहून आलेल्या, पण निवृत्तीनंतर दोघं सेक्टर बावीसमध्येच राहिले. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. चूक दिसली की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि चूक त्यांना रोजच दिसायची.

श्यामसुंदरराव गेले ते २०२१ साली, आषाढ वद्य पंचमीला. बाईंनी त्यांच्या नावाने मंडळाकडे शिष्यवृत्ती ठेवली. ज्याच्या घरात कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही अशा एका मुलाची किंवा मुलीची पहिल्या वर्षाची फी. दस्त करताना सभेत चांगलीच जुंपली. दुसरे विश्वस्त सुरेश पाटणकर, लष्कराच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, म्हणाले की जूनमधली एक तारीख ठरवून टाकू, कॉलेज काही पंचांग बघून फी घेत नाही. झालं. बाई भर सभेत उठून म्हणाल्या, माझा माणूस तिथीला गेला, त्याच्या नावाचं दान तिथीलाच होणार, ज्याला पंचांग कळत नाही त्यानं त्यात नाक खुपसू नये. सुरेशराव खाली बसले. दस्तात कलम आलं: शिष्यवृत्ती पुण्यतिथीलाच, तिथीप्रमाणे, बाईंच्या हस्ते. बदल करायचा तर दोन्ही विश्वस्तांच्या सह्या. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. समोरासमोर आले तर सुरेशराव नमस्कार करायचे आणि बाई दुकानाच्या पाट्या वाचायच्या.

चार वर्षं सगळं सुरळीत चाललं. पंचमी जुलैत यायची, फी भरायची शेवटची तारीख महिनाअखेरीला असायची. मग आलं २०२६.

यंदाची मुलगी रेवा. बाजारामागच्या झाडाखाली इस्त्री करणाऱ्या माणसाची पोर, बारावीला विज्ञानात ब्याण्णव टक्के. २८ जुलैला ती बाईंच्या दारात उभी राहिली. कॉलेजच्या दुसऱ्या यादीत नाव लागलं होतं. आवाज इतका बारीक की बाईंना दोनदा विचारावं लागलं. मॅडमजी, फीस की लास्ट डेट इकतीस है.

"मग भरू की," बाई म्हणाल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेल्या. यंदा ज्येष्ठ दोनदा आला होता. अधिक महिन्याने सगळ्या तिथी पुढे ढकलल्या होत्या. आषाढ वद्य पंचमी ३ ऑगस्टला होती.

बाईंनी आधी कॉलेजला फोन लावला. तिथल्या माणसाने दोन वाक्यांत सांगितलं की एकतीसनंतर जागा पुढच्या नावाला जाते. मग बाई सचिवाच्या घरी गेल्या. सचिव गुरुनाथ, केंद्र सरकारच्या कचेरीतला कोल्हापूरचा तरुण, येऊन आठ महिने झालेले. त्याने आदराने चहा दिला, आदराने फाइल उघडली आणि कलमावर बोट ठेवलं. काकू, तुमचंच आहे हे. बाई त्याच्यावर खवळल्या, अक्कल गहाण ठेवली आहे का म्हणाल्या. तो बिचारा म्हणाला, मागच्या सचिवांनी जाताना एकच बजावलं होतं, खेडकरकाकूंचं कलम सोडून काहीही बदल.

त्या रात्री त्या नुसत्या फणफणत होत्या. स्वतःच्या पैशांनी फी भरून मोकळं व्हावं, तर रेवाच्या बापाने तीही वाट बंद केली. मुलीने नंबर मिळवून शिष्यवृत्तीचा वजीफा कमावला असेल तर घेईन, मदत नको, जी. तो दिवाळीची मिठाईसुद्धा परत पाठवणारा माणूस. बाईंना त्याचाही राग आला. मग पंचांगाचा आला, ज्येष्ठाचा आला, बदल्यांचा आला. सगळ्यांचा येऊन झाला आणि उरल्या त्या एकट्याच.

तीस तारखेला सकाळी त्या सुरेशरावांच्या दारात गेल्या. घंटा वाजवण्यापूर्वी दोन मिनिटं नुसत्याच उभ्या होत्या. मेलेल्या नवऱ्याची शपथ, त्यांना तिथून पळून जावंसं वाटत होतं.

सुरेशरावांनी दार उघडलं, बसा म्हणाले. चष्मा शोधला. फी आधी भरावी, कार्यक्रम तिथीलाच व्हावा, असा बदल लिहून बाईंनी आणलेला कागद वाचला, मग मूळ दस्त काढून तोही पहिल्यापासून वाचायला घेतला. घड्याळ पुढे जात होतं. बाईंच्या मनात आलं, हा मुद्दाम करतोय, करू दे, आपलं केलेलं आपणच निस्तरायचं.

"अधिक महिना येणार हे मला ठाऊक होतं," सुरेशराव वर न बघता म्हणाले. "पंचांग मलाही कळतं, शशिकलाबाई. सभेतच सांगणार होतो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही बोलू दिलंत का?"

बाई म्हणाल्या, "चुकलं माझं. सही करा." सुरेशरावांनी सही केली, आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेले. चहात साखर फार होती, तरी बाईंनी तो निमूट प्यायला. एकतीसला दुपारी गुरुनाथने बँकेतून पैसे कॉलेजला पाठवले आणि पावती मोबाईलवर आली.

३ ऑगस्ट, सोमवार. नेहमीप्रमाणे सकाळी अकराला मंडळाच्या खोलीत श्यामसुंदररावांच्या फोटोला हार घातला गेला. पंधरा खुर्च्या मांडल्या होत्या, माणसं सात आली. सुरेशराव दुसऱ्या रांगेत बसले होते. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले, रेवाचा पत्ता नाही. बाईंचा पारा चढू लागला. ज्या माणसाच्या नावाने फी भरली त्याच्या फोटोपुढे पाच मिनिटं उभं राहायला हिला जमू नये? एवढी नाचानाच केली, मानापमान गिळून लोकांच्या दारात गेले, ते यासाठी? गुरुनाथ म्हणाला, काकू, राहू दे. बाईंनी राहू दिलं नाही. सगळ्यांसमोर फोन लावला, चांगली झाडायची म्हणून.

तीनदा रिंग गेल्यावर रेवाने उचलला. मागे एका बाईचा खणखणीत आवाज काहीतरी शिकवत होता.

"मॅडमजी, क्लास में हूँ," ती कुजबुजली, आणि फोन कापला.

बाई हातातल्या फोनकडे बघत राहिल्या. आजवर त्यांचा फोन असा कुणी कापला नव्हता. राग गेला नव्हता, आणि डोळ्यांतून भलतंच काहीतरी वाहत होतं. सुरेशरावांनी हलकेच विचारलं, काय म्हणाली? बाईंनी पदराने नाक पुसलं आणि सांगितलं, "तिला वेळ नाहीये."