छतात अडकलेली गुढी

निवृत्तीनंतर माणसं योगासनं सुरू करतात. मी उघड्या छताची चिमुकली गाडी घेतली. जुनीच घाटणी, नव्याने घडवलेली. गोल दिवे आजोबांच्या काळातले, दारांच्या मुठी मात्र पत्र्यात बुजवलेल्या, आणि कापडी छत बटण दाबताच मागे घडी होऊन बसणारं. मागच्या सीटवर पिशवी मावते, माणूस नाही. बायकोने अट घातली: पाडव्यापर्यंत हिने घरातलं एक तरी काम करून दाखवावं, नाहीतर विकायची.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी संधी आली. गुढीला बांबू हवा होता. इथे उत्तरेत, शहरातल्या सेक्टर २२ च्या बाजारात शिड्या विकणाऱ्याकडून चांगला उंच बांबू घेतला, बुंधा शेजारच्या सीटपुढे टेकवला आणि शेंडा छतातून थेट आभाळात. सिग्नलवर एका स्कूटरवाल्याने सलाम ठोकला. हवाई दलात इतक्या मनापासून मला कुणी ठोकला नव्हता.

झिरकपूरला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी वावटळ उठली. धूळ आत नको म्हणून मी बटण दाबलं. अडथळा आला की नव्या मॉडेलचं छत आपोआप थांबतं, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. थांबलं. बांबूला घट्ट धरून थांबलं. मग ना पुढे, ना मागे. मेकॅनिक फोनवर म्हणाला, उद्या येतो, तोवर हात लावू नका.

बायकोने खाली येऊन गाडीभोवती एक फेरी मारली आणि वर गेली. मी मनातल्या मनात विक्रीची जाहिरात लिहायला घेतली.

सकाळी ती रेशमी साडी, तांब्या आणि कडुनिंबाचा डहाळा घेऊन उतरली. साखरेच्या गाठी इथे मिळत नाहीत, म्हणून बत्ताशांची माळ ओवली होती. मला स्टुलावर चढवलं आणि बांबू होता तिथेच, गाडीतच, गुढी उभी केली. चाकांभोवती रांगोळीही काढली.

शेजारचे सरदारजी बराच वेळ वर बघत राहिले. "साबजी, ये कौन-सी पार्टी का झंडा है?"

बायकोने त्यांच्या हातावर कडुनिंब-गूळ ठेवला. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण श्रीखंडासाठी थांबले.

दुपारी मेकॅनिक आला, तर बायको आडवी आली. सूर्य मावळेपर्यंत गुढी हलणार नाही, असं तिने त्याला हिंदीत बजावलं. मी हळूच विचारलं, मग गाडी विकण्याचं काय?

"अहो, गुढी उभारलेली गाडी कुणी विकतं का?" ती म्हणाली. मग मेकॅनिककडे वळून तिने विचारलं, छताचं ते बटण ड्रायव्हरच्या हाताला लागणार नाही असं कुठे बसवता येईल का.