दगडाखालचं फुरसं

चिरेखाणीतल्या सुमनताईंनी दगडाची पलीकडची कड उचलून तो आपल्याकडे कलता केला. खाली वीतभर फुरसं अंगाचे वेढे एकमेकांवर घासत खसखसत होतं.

"एवढंसंच?" राजस्थानहून आलेला कामगार म्हणाला. "आमच्या वाळूत हातभर असतं."

"आणि दगड कसा उचलता?" सुमनताईंनी विचारलं.

"असाच. साप नि आपल्यामध्ये दगडाचा आडोसा राहतो."

बाजूला उभं राहून पाहताना मला त्या सापाचंच कौतुक वाटलं. वाळूत लांबलं, कातळावर आखूडलं. रक्तात थोडं बदललं, विषातही. म्हणे, एकीकडचं औषध दुसरीकडे तितकंसं लागू पडत नाही. पण चावण्याआधी खसखसून सावध करण्याची रीत त्यानं कुठेच सोडली नाही.

दोघांनी मिळून दगड हळूच खाली टेकवला. आतली खसखस थांबली.