ब गटाच्या फायनलसाठी चकोट

लग्नानंतरची आमची पहिली दिवाळी. दिवाळसणाला हे माझ्या माहेरी, वाटूरला आल्ते. जावयाचं ताट रिकामं दिसलं की माझ्या आईचा जीव वरखाली व्हायचा. हे "बस, बस" म्हणून राह्यले अन् ती अनारशांवर तूप ओतून राह्यली. यांचा हातही काही आडवा आला न्हाई, ते वेगळं!

हे कबड्डी खेळायचे ते ब गटात. अ गटात मोठमोठे संघ, अन् ब गटात आमच्यासारखी खेडी. तिथं खेळाडूच्या वजनाला हद्द बांधलेली असायची. त्या साली आमचा संघ एकेक सामना मारत फायनलला गेल्ता. पण माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, बजावून ठेवल्तं, "एवढा मोसम खेळ. मंग गपचूप शेती बघ." म्हणजे यांची ही शेवटचीच फायनल. झोपेतसुद्धा "कबड्डी, कबड्डी" पुटपुटायचे बिचारे.

माहेराहून आम्ही थेट भोकरदनला उतरलो. सामना संपला की यांना कापूस वेचायला घेऊन जायचं म्हणून मामंजी तिथं येऊन बसल्ते. खेळाचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठ्या. आडतीतल्या काट्यावर वजनं चालू होती. हे पारड्यात बसले अन् पारडं धपकन खाली! सगळा संघ माझ्याकडं बघून राह्यला. असा राग आला मला! मी काय अनारसे कोंबले होते यांच्या तोंडात?

मैदानाला फेऱ्या मारून यांनी घाम गाळला, गंजीफ्रॉक काढला. तरी नखभर वजन जास्तीच. कोणीतरी म्हणलं, केस काढा. झाडाखाली न्हावी बसला होता. हे त्याच्यापुढं जाऊन बसले, पण तो वस्तऱ्याला हात लावीना.

"बाप हाय का?"

"हाय."

"मंग उठा. जित्त्या बापाच्या पोराचं डोकं-मिशी म्या न्हाई काढणार."

हे उठले. गंजीफ्रॉक खांद्यावर टाकून माघारी वळले.

तेवढ्यात मामंजी पुढं आले. "म्या बाप हाय याचा. काढ."

"मालक, लोक काय म्हणतील?"

"म्हातारा मेला म्हणतील. म्या हाय ना सांगायला, मेलो न्हाई म्हणून! जल्दी कर."

काटा बराबर झाला. मामंजी पहिल्या रांगेत जाऊन बसले. यांचं चकोट डोकं बघून ओळखीचं कोणी हळहळलं की मामंजी ओरडायचे, "अरे, म्या हितं हाय!" मला हसावं का रडावं कळेना.

शेवटच्या चढाईत हे पकडले गेले अन् एका गुणानं कप हुकला. गुडघ्यात डोकं घालून हे मैदानातच बसले. मामंजी उठून त्यांच्याजवळ गेले. आमच्याकडं म्हातारं माणूस चारचौघांत उघड्या डोक्यानं कधी दिसायचं न्हाई. मामंजींना तर मी घरातही तसं बघितलं नव्हतं. त्यांनी आपला पटका सोडला अन् यांच्या डोक्याला नीट गुंडाळला.

"लई जीव लावून खेळलास बाबा," ते म्हणले. "पुढच्या साली बी खेळ."

मंग यांचा हात धरून मामंजी भर बाजारातून एस.टी. स्टँडपर्यंत तसेच उघड्या डोक्यानं चालत गेले.