पालथा हात

स्टेट कॉलेज नावाच्या गावात मी ज्यांच्याकडे भाड्याने राहते, ते काका हॉलमधला वुड स्टोव्ह पेटला की त्याच्याकडे कधी पाठ करत नाहीत. पाहुण्यांशीही लाकडांकडे बघतच बोलतात. विझल्यावरही त्यांचा आगीवर विश्वास नाही. राख पत्र्याच्या बादलीत भरून, झाकण लावून अंगणात ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बादलीला पालथा हात लावून म्हणतात, "आत अजून आहे. राहू दे."

त्या दुपारी बर्फ पडत होता. क्लास स्किप करून मी तापात त्यांच्या सोफ्यावर पडले होते. स्टोव्हच्या काचेमागच्या ज्वाळा माझ्या झोपेत शिरत होत्या, खिडकीबाहेरचा बर्फही नारिंगी झाला होता. तेवढ्यात कपाळाला तोच पालथा हात लागला.

"आत अजून आहे," काका म्हणाले. मग खुर्ची माझ्याकडे वळवून ते स्टोव्हकडे पाठ करून बसले.