आलन न घातलेली भाजी

माझ्या थोरल्या जावेनं मला फसवलं. सासूबाईला माझ्या घरी पाठवताना तिनं सांगितलं की बुढीला पालेभाजी चालत नाही, आणि ते खोटं होतं. ते खरं धरून मी कितीतरी महिने सासूबाईच्या ताटात रोज संध्याकाळी वरण, भात आणि आलू वाढत राहिले.

मी सहज फसणारी बाई नाही. सावली गावात आज माझं भांड्यांचं दुकान आहे, पण सुरुवात डोक्यावरच्या टोपल्यानं झाली. जुन्या साड्या घ्यायच्या आणि त्यांवर स्टीलची भांडी द्यायची, असा धंदा मी गावोगाव फिरून केला. बाई साडी पुढं करायची, सांगायची की एकदाच नेसली आहे. मी ती उजेडात धरायची. विरलेलं सूत उजेडात लपत नाही. उजेडात धरल्याशिवाय मी कोणाला साधी वाटीसुद्धा दिली नाही. आणि जावेचं बोलणं मात्र तसंच घेतलं.

जाऊ आरमोरीजवळच्या गावात राहते. धानाची शेती, घरात लेकरं बरीच, रोवणीच्या दिवसांत जेवायला मजूरही. सासूबाईचे गुडघे धरले, तेव्हा त्यांना दवाखाना जवळ असलेल्या माझ्या घरी आणायचं ठरलं. टेम्पोत सामान चढत असताना जावेनं मला बाजूला घेतलं आणि सगळं समजावलं. हिरवा पाला देऊ नको, पोट धरते. वरण-भात दे, आलू दे, बाकी काही मागत नाही. सासूबाई तिथंच, टेम्पोच्या फळीवर बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. मान हलवली नाही, नाकारलंही नाही.

मला ते सोयीचंच पडलं, हे मी लपवत नाही. दिवेलागणीला दुकान बंद करून घरी यायचं, कुकर लावायचा, आलू चिरायचे. नवरा राईस मिलमधून कोंड्यानं माखलेलं डोकं घेऊन यायचा आणि ताटात पाहून म्हणायचा, आज काय नवीन? पोरगी शाळेचं दप्तर टाकून सांगायची, आज आलू पातळ आहेत, काल कोरडे होते. मी चिडायची. दिवसभर गिऱ्हाइकांशी डोकं लावून आल्यावर घरात आणखी कोणी भाव पाडायला बसलं की माझं डोकं सरकतं.

पण सासूबाईच्या ताटात भात उरायला लागला. आधी थोडा, मग निम्मा. काही दुखतं का विचारलं तर म्हणायच्या, भूक नाही. हातातल्या बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या. मी बांगड्याही विकल्या आहेत, हाताचं माप मला बघून कळतं. एका वर्षात माणसाचं माप असं उतरत नाही. डॉक्टरनं रक्त कमी आहे म्हणून सांगितलं आणि हिरव्या भाज्या द्या म्हणाला. मी त्यालाच सुनावलं की त्यांना चालत नाहीत, दुसरं सांगा. सासूबाई तेव्हाही गप्प.

आमच्या शेजारी तलावात मासे धरणाऱ्यांचं घर आहे. त्या घरातली बाई दर पावसाळ्यात रानातला कोवळा तरोटा खुडून आणते आणि पहिला वानोळा आम्हाला देते. नवीन काही निघालं की शेजारच्या घरी मूठभर द्यायचं, ही आमच्याकडची रीत. त्या वर्षीही तिनं दिला. मी पाला उकडून पिळला, लसूण आणि लाल मिरचीवर परतला, त्यात चण्याची डाळ घातली. सकाळी आम्ही तिघांनी खाल्ला, सासूबाईला नेहमीप्रमाणे वरण-भात दिला आणि मी दुकानात गेले.

त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी लवकर परतले. सासूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. मांडीजवळ तरोट्याची कढई होती आणि त्या भाताच्या घासानं ती पुसून खात होत्या. कढई इतकी लख्ख झाली होती की घासायची गरज नव्हती.

मी दारातूनच आवाज चढवला. "चालत नाई न तुमाले? मंग हे काय करून राह्यले?"

त्यांनी घास गिळला. बोट चाटलं. "मीठ जरासं जास्त हाये," त्या म्हणाल्या. "बाकी चांगली झाली."

त्या रात्री पोट धरेल म्हणून मी औषध काढून ठेवलं. काही झालं नाही. सकाळी उठून त्यांनी विचारलं, तरोटा अजून आहे का?

तिथून आमच्या घरातली संध्याकाळ बदलली. मी ठरवलं, रोज वेगळी भाजी. आठवडी बाजारातून पिशव्या भरून आणायच्या, उरलेल्या दिवसांसाठी शेजारणीला सांगून ठेवायचं. मी दुकानातून येईपर्यंत सासूबाई सूप घेऊन ओट्यावर निवडायला बसलेल्या असायच्या. अंबाडी तांदळाच्या कण्या घालून. धोप्याची, म्हणजे अळूची, पानं चिंचेत, नाहीतर घसा खाजतो. वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, बारीक कापून पाण्यात ठेवायचे, ते पाणी फेकायचं, मग शिजवायचे. पोरगी पहिल्या दिवशी म्हणाली की मी बांबू खाणार नाही, मी काय हत्ती आहे? दुसऱ्या वेळी तिनं परत घेतले. सात्या निघाल्या की नवरा मिलमधून लवकर यायचा, कारण त्या मश्रूमच्या भाजीत उशिरा येणाऱ्याला रस्साच मिळतो. हिवाळ्यात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा, धानाच्या बांधीतली कोवळी लाखोळी, म्हणजे लाखेच्या डाळीचा पाला, आणि चण्याचा पाला. हेट्याची, म्हणजे हादग्याची, पांढरी फुलं बेसनात. घरात पुन्हा आलू आले ते कधीमधी, पाहुण्यासारखे.

गुडघे जरा बरे झाल्यावर मी त्यांना बाजारातही घेऊन गेले. ती माझी चूक झाली. मी वांग्यांच्या ढिगाजवळ बसून तोंड वाकडं करत होते, ही किडकी, ही निबर, भाव कमी कर म्हणून. तेवढ्यात मागून सासूबाई मोठ्यानं बोलल्या, "लय कवळी हायेत न ही."

भाजीवाली हसली. "पाय बाई, तुही सासू खरं बोलते."

त्या दिवशी मी पूर्ण भाव देऊन वांगी आणली. आयुष्यात असं फार थोड्या वेळा झालं आहे. रस्ताभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्या मात्र पिशवीत हात घालून वांगी चाचपत चालल्या होत्या. त्यांच्या बांगड्या मनगटाजवळ आल्या होत्या, हे मी तेव्हा पाहिलं आणि राग अर्धा उतरला.

उरलेला राग जावेवर गेला. तिला काय मिळालं असं सांगून? माझ्याकडं बुढीचे हाल व्हावेत, मग लोकांनी म्हणावं की थोरलीकडं बरी होती, असंच मला वाटायचं. नात्यातल्या एका बारशाला ती भेटली, तेव्हा पाळण्याजवळच मी तिला विचारलं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच भांग पिऊन आले आहे.

"तिनंच सांगतलं मले," ती म्हणाली. "मी काऊन खोटं बोलू?"

मी तिला जे बोलायचं ते बोलले. बायका पाळणा म्हणायच्या थांबल्या. नवऱ्यानं मला अंगणात नेलं. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

मग एका संध्याकाळी मी चण्याच्या पाल्याची भाजी करत होते. भाजी थोडी होती, पण आम्ही माणसं चारच. सासूबाई ओट्याशी टेकून बघत होत्या. कढईत पाहून त्या म्हणाल्या, "थोडं आलन टाक. पुरंल."

आलन म्हणजे पीठ पाण्यात कालवून भाजीत सोडतात ते. घट्टपणा येतो, चव येते. आणि भाजी कमी असली की आलन वाढवायचं, मग चौघांची भाजी आठांना होते. मी चवीसाठी घालते, पण त्यांनी चवीचं नाव काढलं नव्हतं. पुरंल म्हणाल्या होत्या. मी झाऱ्या खाली ठेवला आणि विचारलं, कोणाला पुरवायचं आहे?

त्यांनी ओट्यावर सांडलेली पानं गोळा केली. मग सांगितलं. थोरलीकडं भाजी कधी पुरायची नाही. आलन घालून घालून ती पिठाचीच व्हायची, तरी शेवटी लेकरं कढईकडं बघत बसायची. म्हणून एक दिवस त्यांनी म्हटलं, मला पाला चालत नाही, पोट धरते. त्यांच्या वाट्याची भाजी लेकरांच्या ताटात गेली. दुसऱ्या दिवशी थोरलीनं वाढलीच नाही. पुढं कधीच वाढली नाही.

"अन् माह्याकडं आल्यावर?" मी विचारलं. "इथी तं पुरत होतं."

"एकडाव भाव सांगतला," त्या म्हणाल्या. "मंग कसा बदलू? तूच नाई बदलत."

मला हसू आलं आणि ते आवरून मी भाजी परतत राहिले. आलन घातलं नाही. चौघांना पुरली. सासूबाईनं दोनदा घेतली, कढईत उरलं ते पोरीनं पुसलं.

तर जाऊ खोटं बोलली नाही, असं नवरा आता म्हणतो. विषय संपव म्हणतो. मी संपवणार नाही. साडी एकदाच नेसली आहे असं सांगणारी बाई कधी कधी दुसरीनं सांगितलेलंच सांगत असते, पण साडी तिच्या हातात असते. उजेडात धरून बघायला तिला कोणी अडवलेलं नसतं. बुढी तिच्या घरात होती, ताट तिच्या हातात होतं. मीही तपासलं नाही, खरं आहे. पण माझ्याकडं ती कढई पुसताना सापडली आणि मी विचारलं. थोरलीकडं एवढ्या वर्षांत बुढीनं एकदाही कढई पुसली नसेल?

दिवाळीनंतर आमच्याकडं मंडई, म्हणजे जत्रा, भरते. नाटक असतं, गावोगावचे पाहुणे येतात. जाऊ येणार आहे, लेकरांसकट. सासूबाईनं आतापासून मला बजावलं आहे की हेट्याची फुलं, पोपटाच्या शेंगा आणि लाखोळी निघाली असेल तर लाखोळी, असं सगळं करायचं. आणि भरपूर करायचं. थोरलीला आणि तिच्या लेकरांना पोटभर मिळालं पाहिजे. मला म्हणाल्या, भांडू नको. मी शेजारणीला फुलांचं सांगून ठेवलं आहे. दुकानातलं सगळ्यात मोठं गंज, म्हणजे पातेलं, विकायचं थांबवून घरी आणून ठेवलं आहे. भाजी पुरेल, आणि आलनाशिवाय पुरेल, याची मी जबाबदारी घेते.

पण ताट तुझ्यापुढं ठेवल्यावर, जाऊबाई, पहिला घास घेण्याआधी मला एवढं सांग. त्या दिवशी बुढीनं चालत नाही म्हटलं, तेव्हा तिच्या तोंडाकडं तू एकदा तरी पाहिलं होतं का? दुसऱ्या दिवशी पळी तिच्या ताटावरून पुढं नेली, तेव्हा हात जरा तरी थांबला होता का? याचं उत्तर तू द्यायचं आहे. बुढीनं नाही.